१/७०० मापाची, म्हणजे खऱ्याच्या सातशेपट लहान मॉडेल युद्धनौका समुद्राच्या देखाव्यात ठेवली की खेळण्यासारखी दिसते. नागपुरात राहून यात काय सुधारता येईल?

तुम्ही लिहिलंय की 'युकिकाझे' या जपानी विनाशिकेचं किट जोडून झालं, रंगही नीट बसला, पण निळ्या रेझिनच्या समुद्रात ठेवल्यावर सगळं खेळणं वाटायला लागलं. पितळी कठडे आणि ताणलेल्या तारा लावल्या तर फरक पडेल का, हा तुमचा प्रश्न. थोडा पडेल. पण कठड्यांवर हजार-दीड हजार घालण्याआधी तो समुद्र उखडा. जहाजाचा वेग किती आणि वारा कुठून, हे न ठरवता ओतलेलं पाणी कुठल्याच जहाजाचं नसतं. गोची तिथेच होते.

आधी मापं डोक्यात बसू द्या. १/७०० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे ७० सेंटीमीटर. माणूस अडीच मिलिमीटरही भरत नाही. डोक्याचा केस डोलकाठीला बांधलात तर तो पाच सेंटीमीटर जाडीचा दोरखंड होतो. (आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो या मापात एक किलोमीटर होईल. सीताबर्डीतून निघून धरमपेठही गाठणार नाही.) आता लाटा बघा. बहुतेक जण हौसेने एक सेंटीमीटर उंचीच्या लाटा करतात, म्हणजे सात मीटर. हे वादळ झालं, आणि त्यात ती विनाशिका डेकवर माणसं उभी करून ऐटीत चाललेली दाखवतात. पांढरे तुरे दिसायला लागतील इतपत वारा असला तरी खुल्या समुद्रात लाट मीटर-दीड मीटरचीच असते. तुमच्या पाटावर ती दोन मिलिमीटर.

आणखी एक. तुम्ही जहाजाकडे टेबलापाशी बसून, साधारण ४३ सेंटीमीटरवरून बघता. म्हणजे ३०० मीटर उंचीवरच्या विमानातून बघता. त्यामुळे फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून पाणी न्याहाळण्याचा इथे उपयोग नाही, तिथली संध्याकाळ कितीही छान असली तरी. चालत्या युद्धनौकांचे हवेतून काढलेले फोटो शोधा. त्यात समुद्र निळा कमी आणि काळपट जास्त दिसतो, पोत बारीक असतो आणि नजर जाते ती जहाजाच्या मागे उमटलेल्या नक्षीवर.

या नक्षीला हिशोब आहे, आणि मला या छंदात सगळ्यात जास्त मजा त्यातच येते. नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) दोन्ही बाजूंना जी पाचर फाकत जाते, तिचा कोन खोल पाण्यात प्रत्येक बाजूला साडेएकोणीस अंश असतो. लॉर्ड केल्व्हिनने १८८७ मध्ये हे गणित मांडलं. वेगवान छोट्या बोटींची पाचर याहून अरुंद दिसते, पण विनाशिकेला हा कोन चालतो. कंपासपेटीतला कोनमापक काढा आणि पेन्सिलीने पाटावर रेघा मारून घ्या. दुसरा हिशोब जहाजाच्या बाजूने उठणाऱ्या आडव्या लाटांचा. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या (एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर), त्याचा वर्ग करा, ०.६४ ने गुणा. दोन माथ्यांमधलं अंतर मीटरमध्ये मिळतं. १५ नॉट्सला ते ३८ मीटर, म्हणजे पाटावर साडेपाच सेंटीमीटर. २० नॉट्सला जवळजवळ दहा सेंटीमीटर. ३० नॉट्सला बावीस.

युकिकाझेची लांबी ११८.५ मीटर, म्हणजे मॉडेल सतरा सेंटीमीटरचं. १५ नॉट्सला तिच्या अंगालगत पाणी तीनदा उचललं जाईल. २० नॉट्सला एक माथा नाळेशी आणि दुसरा मध्याच्या थोडा मागे. ३० नॉट्सला दुसरा माथा जहाज संपल्यावर येतो, त्यामुळे मागचा भाग खोलगट पाण्यात बसलेला दिसतो आणि पाठीमागे फेसाचा ढीग उठतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नाळेशी ३५ नॉट्सचा फेस आहे आणि बाजूचं पाणी मात्र सपाट. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे लगेच कळतं. मी तुमच्या जागी असतो तर १८-२० नॉट्स धरले असते. सुंदर दिसतं आणि आवाक्यातलं काम आहे.

पाणी करायला रेझिनची गरज नाही. जाड प्लाय किंवा एमडीएफ घ्या, त्यावर दाट फोमची शीट चिकटवा आणि जहाजाच्या आकाराचा दीड-दोन मिलिमीटर खोल खड्डा कोरा. हे किट पाण्याच्या रेषेवर कापलेलंच येतं. १९७१ मध्ये शिझुओकाच्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी मिळून 'वॉटर लाइन' मालिका काढली, तेव्हापासून हे माप आणि हा सपाट तळ रूढ झाला. सपाट तळ सपाट पाटावर ठेवला की जहाज समुद्रावर मांडून ठेवल्यासारखं दिसतं, म्हणून खड्डा.

त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर अंथरायचा आणि निम्मं पाणी घातलेला फेविकॉल मऊ ब्रशने वरून सोडायचा. कागद भिजून ढिला पडला की ब्रशच्या टोकाने त्याला वाऱ्याच्या दिशेला आडव्या बारीक सुरकुत्या पाडायच्या. इथे घाई नको. कागद फाटला तर त्यावरच दुसरा तुकडा लावा, सांधा दिसत नाही. पाचरीच्या रेघांवर आणि माथ्यांच्या जागी कागद थोडा जास्त गोळा करायचा. पूर्ण वाळल्यावर काळपट निळा, त्यात किंचित हिरवा. जहाजाच्या लगत आणि मागच्या पट्ट्यात हाच रंग फिकट हिरवट करत न्यायचा, कारण तिथे पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात. मग ऍक्रेलिक ग्लॉस जेलचे (वाळल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणाऱ्या लेपाचे) पातळ थर. फेविकॉल ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो, म्हणून हा थर टाळू नका. फेस शेवटी: जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा टिपायचा आणि सलग पट्टा कुठेच होऊ द्यायचा नाही. जहाज खड्ड्यात बसवून कडेची फट जेलने बुजवली की काम झालं.

नागपूरच्या हवेचं थोडं. मे महिन्यात ऍक्रेलिक रंग ब्रशवरच सुकतो, तेव्हा पॅलेटखाली ओला स्पंज ठेवा नाहीतर सकाळी लवकर बसा. कूलरसमोर बसून फेविक्विक वापरू नका. त्याची वाफ दमट हवेत प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि कठडे लावताना नेमकं हेच होतं. पावसाळ्यात जेल दुधाळच राहिलं तर घाबरू नका, वाळायला वेळ लागतो इतकंच. किट आणि पितळी भाग ऑनलाइनच मागवावे लागतील. बाकी रंग, जेल, ब्रश चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, प्लाय आणि फोम हार्डवेअरवाल्याकडे. बारीक ब्रश कसा धरायचा हे पाहायचं असेल तर गणपतीच्या आधी चितारओळीत जा आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात बघा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल.

वारा ठरवलात की झेंडा आणि धूर त्याच्याशी जुळवा. २० नॉट्सने चाललेल्या जहाजावर झेंडा पुढे फडफडत असेल तर मागून त्याहून जोराचा वारा हवा, आणि मग धूरही पुढेच जायला हवा. नाळेवरचा छोटा जॅक झेंडा जहाज नांगरलेलं किंवा धक्क्याला असतानाच लावतात, तो चालत्या जहाजावरून काढून टाका. पुढे कधी जुनी 'विक्रांत' (१९६१ ते १९९७) करायला घेतलीत तर तिच्यावर लाल क्रॉसचं निशाण. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचं निशाण २ सप्टेंबर २०२२ ला, नवी 'विक्रांत' नौदलात आली त्या दिवशी आलं.

कठडे यानंतर घ्या. १/७०० मध्ये ते जेमतेम दीड मिलिमीटर उंच असतात, त्यामुळे निम्म्या जहाजाला लावून मन भरलं तरी चालतं. पण वर ऍक्रेलिकची पेटी मात्र आधीच करून घ्या. इथल्या धुळीत उघडा समुद्र उन्हाळाभरही टिकत नाही, आणि जेलवर बसलेली धूळ पुसायला गेलात की फेसही निघतो.