गणपतीत रजा का मिळत नाही?

प्रश्न : माझा मुलगा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये असून गेली दोन वर्षे लडाखमधील एका पुरवठा-वाहतूक बटालियनमध्ये आहे. काय काम करतोस असे विचारले, तर ‘सामान चढवतो आणि उतरवतो’ एवढेच सांगतो. दोन्ही वर्षी त्याला गणपतीला रजा मिळाली नाही. मिळाली ती जानेवारीत. या लोकांचे वर्ष असते तरी कसे?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुलाने सांगितले ते खरेच आहे, फक्त त्याने हिशेब सांगितला नाही. मीही याच कोअरमध्ये नोकरी केली आहे, म्हणून तो हिशेब मांडतो.

या तुकडीचे वर्ष खिंड बंद होण्याच्या दिवसापासून उलटे मोजले जाते. लेहला पोहोचणारे जुने रस्ते दोन : एक श्रीनगरहून जोझिला ओलांडून येणारा आणि दुसरा मनालीहून येणारा. 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यामुळे रोहतांगचा अडसर दूर झाला, पण त्यापुढच्या बारालाचा, लाचुंग आणि तांगलांग या खिंडी तशाच उभ्या आहेत. सीमा रस्ते संघटनेची यंत्रे बर्फ कापून वाट मोकळी करतात तेव्हापासून, म्हणजे साधारणपणे एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत, जे काही वर चढेल त्यावर पुढचा हिवाळा काढायचा असतो. अलीकडे जोझिला पूर्वीइतका काळ बंद राहत नाही, हे खरे; तरीही साठा करणारा माणूस लवकर उघडणाऱ्या खिंडीच्या भरवशावर हिशेब करत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ठाण्यावर 120 जवान आहेत आणि तिथली वाट 180 दिवस बंद राहणार आहे. म्हणजे 21,600 माणूस-दिवस झाले. प्रत्येकाला रोज अर्धा किलो पीठ-तांदूळ धरला, तरी 10,800 किलो, म्हणजे पन्नास किलोची 216 पोती होतात. यात डाळ, तेल, साखर, दूधभुकटी आणि डब्यातले पदार्थ अजून आलेच नाहीत. सगळ्यांत अवजड असते ते रॉकेल, कारण खोली उबदार ठेवणारी बुखारी त्यावरच चालते आणि पिण्याचे पाणीही बर्फ वितळवूनच करावे लागते. पंधरा हजार फुटांवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. बटाटा गारठून काळा-गोडसर होतो आणि अंडी फुटतात. साधे डिझेलही कडाक्यात दाटते. उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने 2019 मध्ये आणले, त्याआधी चालकांनी काय काय युक्त्या केल्या, त्या लिहायच्या तर वेगळा लेख होईल.

हे सगळे जून ते ऑक्टोबर या महिन्यांत वर जाते. वाहनांचा ताफा पहाटे अंधारात निघतो, कारण दुपारी ऊन चढले की वरचा बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात आणि सकाळी टाचभर पाणी असलेल्या ठिकाणी संध्याकाळी ट्रक अडकतो. साठ्याच्या कोठारात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचलेली असतात, म्हणजे ओल लागत नाही आणि मोजणारा माणूस चहूबाजूंनी फिरू शकतो. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हा नियम नव्या पोराच्या अंगवळणी पडेपर्यंत सुभेदारसाहेब त्याला मागची रास पुढे आणायला लावतात. ‘चढवतो आणि उतरवतो’ या शब्दांत ही रास बरीच आली असावी!

आता रजेचे. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमके ताफ्यांच्या ऐन गर्दीत. शिवाय उंचीवर जाणाऱ्याला हवामानाची सवय करून घ्यावी लागते : पहिल्या टप्प्यात सहा दिवस, मग आणखी वर चढताना चार आणि चार, असे एकूण चौदा. लांब रजेवरून परतलेल्यालाही यातून पुन्हा जावे लागते. महिनाभराची रजा, प्रवास आणि हे दिवस मिळून एक चालक जवळजवळ दोन महिने गाडीवर नसतो. हिवाळ्यात मात्र रस्ते थंडावतात; वाहनांची दुरुस्ती, साठ्याची मोजदाद आणि पुढच्या वर्षाची मागणी ही कामे चालू असतात, ताजा भाजीपाला आणि टपाल विमानाने येते, आणि माणसे पाळीपाळीने घरी सोडता येतात. म्हणून आपल्याकडे तो जानेवारीत येतो.

जाता जाता एक आठवते. हा कोअर आपला स्थापनादिन 8 डिसेंबरला साजरा करतो आणि आपले मूळ 1760 सालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पुरवठाखात्यापर्यंत नेतो. त्याच डिसेंबरात पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटत चालली होती. मराठ्यांच्या रसदेचा भार वाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले तेही त्याच महिन्यात, आणि पुढे 14 जानेवारीला काय झाले हे कराडकरांना मी सांगायला नको.

प्रश्न : सैन्यात अजून खेचरे आहेत का?
– एक विद्यार्थी, वर्धा

उत्तर : आहेत, पण त्यांची संख्या घटते आहे, ड्रोन आणि खडबडीत वाटेवर चालणारी छोटी वाहने त्यांची जागा घेऊ लागली आहेत. रस्ता संपतो तिथून खेचराचे काम सुरू होते. एक खेचर साठ-सत्तर किलो वाहते, म्हणजे वर सांगितलेल्या पीठ-तांदळासाठीच सुमारे 180 खेपा. पन्नास किलोचे अख्खे पोते त्याच्या पाठीवर टाकता येत नाही. ते फोडून दोन सारखे भाग करावे लागतात, कारण एका बाजूला दोन-तीन किलो जास्त झाले तरी खोगीर सरकते आणि पहिल्याच चढावर ते जनावर थांबून मागे वळून बघते.