मेंढी चोरणारा बाप आणि साक्ष देणारा मुलगा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला, कारण तू विचारलेला प्रश्न घाईने निकालात काढण्याजोगा नव्हता. नायब तहसीलदार म्हणून रुजू होऊन तुला चार महिनेही झाले नाहीत, तोच सख्ख्या काकांच्या जमिनीचे तक्रारी फेरफाराचे प्रकरण तुझ्याच टेबलावर आले आणि "घरचेच काम आहे, जरा बघ" असा वडिलांचा फोनही आला. त्यावर तू मला लिहितेस की, बापाची चोरी झाकणाऱ्या मुलाला ज्याने सरळ म्हटले, त्या प्राचीन चिनी विचारवंताकडून, कन्फ्यूशियसकडून, सुशासन काय शिकायचे? नातलगांची कामे आधी उरकण्याच्या सवयीला त्याच विचाराचा आधार मिळत नाही का?

ती कथा आधी नीट आठवू. शे नावाच्या प्रदेशाचा अधिपती कन्फ्यूशियसला अभिमानाने सांगतो की, आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस उत्तर देतो की, आमच्याकडचे सरळ लोक निराळे असतात. बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला पाठीशी घालतो, आणि सरळपणा त्यातच असतो. शिष्यांनी जपलेल्या त्याच्या वचनांच्या 'लुन यू' या संग्रहातला हा संवाद गेली दोन हजार वर्षे वादाचा विषय झालेला आहे, तेव्हा तुला तो खटकला यात नवल नाही. मलाही तो खटकत असे.

पण त्यात काय म्हटलेले नाही, हेही पाहा. मुलाने खोटी साक्ष द्यावी किंवा चोरीतला वाटा घ्यावा, असे तेथे कोठेही नाही. बापाला शिक्षेच्या स्वाधीन करणारा हात मुलाचा नसावा, एवढेच आहे. चीनच्या कायद्यानेही पुढे हेच तत्त्व मान्य केले. हान सम्राट श्वान याने इ.स.पू. 66 मध्ये आईवडिलांना आश्रय देणाऱ्या मुलांना शिक्षेतून वगळणारा आदेश काढला, आणि इ.स. 653 च्या, तांग राजवटीच्या कायदेसंहितेने जवळच्या नातलगांना एकमेकांचे गुन्हे न सांगण्याची मुभा दिली. मात्र राजद्रोहासारखे गुन्हे त्या मुभेबाहेर ठेवले. हा विचार आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही, कारण 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यानेसुद्धा पतिपत्नींमधील खाजगी बोलणे एरवी न्यायालयात उघड करायला लावता येत नाही, असे ठरवले होते. घर आतून पोखरून गुन्हेगार पकडणाऱ्या राज्यात शेवटी कोणीच कोणावर विश्वास टाकणार नाही, ही जाणीव या सर्व नियमांच्या मुळाशी आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मेंढी चोरणाऱ्याचा मुलगा अधिकारी नव्हता आणि तू अधिकारी आहेस. या एका फरकाने सगळे बदलते, आणि ते कसे बदलते हे कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी जन्मलेल्या, त्याच्याच परंपरेतल्या मेंशियस या विचारवंताने जितक्या नेमकेपणाने दाखवले आहे, तितके मी दुसरीकडे वाचलेले नाही. त्याला एका शिष्याने विचारले की, पुराणकाळचा आदर्श सम्राट शुन राज्यावर असताना त्याच्या बापाने, गुसोऊने, माणूस मारला असता तर काय झाले असते? गुसोऊ हा साधा बाप नव्हे. शुनला धान्याच्या कोठाराच्या डागडुजीसाठी वर चढवून, खालची शिडी काढून घेऊन, ज्याने ते कोठार पेटवून दिले होते तो हा बाप. मेंशियस म्हणतो की, न्यायाधीश गाओ याओ त्याला पकडेल. शिष्य पुन्हा विचारतो, मग सम्राट त्याला अडवणार नाही का? मेंशियसचे उत्तर असे की, तो कसा अडवणार? गाओ याओचा अधिकार त्याला रीतसर मिळालेला आहे. मग शुन काय करील? झिजलेली चप्पल टाकून द्यावी तसे तो राज्य टाकून देईल, बापाला पाठीवर घेऊन गुपचूप निघून जाईल आणि समुद्रकाठी राहील, राज्य विसरून आनंदाने राहील.

हा उतारा मी वर्गात कितीदा तरी वाचून दाखवला असेल, पण त्याचा अर्थ मला नोकरीच्या उत्तरार्धात उमगला. शुनसमोर सर्वांत सोपा मार्ग होता तो न्यायाधीशाला एक शब्द टाकण्याचा, आणि मेंशियस नेमका तोच मार्ग बंद करतो. बापाला वाचवण्याची किंमत शुन स्वतःच्या पदाने मोजतो. पदाचा उपयोग करून तो बापाला वाचवत नाही. आपल्याकडे नातलगासाठी शब्द टाकणारा माणूस पदही राखतो आणि प्रेमळपणाचे श्रेयही घेतो. त्याला कन्फ्यूशियसच्या परंपरेत जागा नाही. पुढे चीनमध्ये मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, आणि आई किंवा वडील वारले की त्याच अधिकाऱ्याला पद सोडून 27 महिने सुतक पाळण्यासाठी घरी जावे लागे. हे दोन्ही नियम एकाच राज्ययंत्रणेचे होते. कुटुंबाचे ऋण फेडायला वेळ दिला जाई, पण ते राज्याच्या मुद्रेने फेडू दिले जात नसे.

मग तू विचारशील की, कुटुंब इतके धोक्याचे आहे तर या माणसाने सद्गुणाची सुरुवात घरापासून का केली? कन्फ्यूशियसला कोणी विचारले होते की आपण राज्यकारभारात का नाही, तेव्हा आईवडिलांशी आणि भावांशी नीट वागणे हाही राज्यकारभारच आहे, असे त्याने सुचवले होते. याचे कारण त्याच्या दुसऱ्या दोन वचनांत आहे. हल्ली आईबापांना खाऊ घालणे म्हणजे मातृपितृभक्ती समजतात, पण कुत्र्याघोड्यांनाही आपण खाऊ घालतोच. आदर नसेल तर फरक काय राहिला, असे तो एका शिष्याला म्हणतो. दुसऱ्या शिष्याला तो दोनच शब्दांत सांगतो की, चेहरा अवघड असतो. म्हणजे काम करणे अवघड नाही, ते करताना चेहऱ्यावर कंटाळा येऊ न देणे अवघड आहे.

माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत रोज सकाळी विचारत, "आज वार कोणता?" मी उत्तर देत असे, आणि ते बरोबरही असे, पण वर्तमानपत्रातून मान वर न काढता. एके दिवशी त्यांनी विचारणे थांबवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभे राहून ते बोटाने चौकोन मोजू लागले. त्यांना त्यातले काही कळत नव्हते. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. तुझ्या कार्यालयात सातबाऱ्याची नक्कल मागायला आलेला म्हातारा तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारील, तेव्हा त्याला बरोबर उत्तर मिळेलच. प्रश्न तुझ्या चेहऱ्याचा आहे. तो चेहरा माणूस घरीच कमावतो, कारण घरी त्याला कोणी पाहत नसते आणि तेथे बदलीही होत नाही.

कन्फ्यूशियसचे सर्वच मला पटते असे समजू नकोस. स्त्रियांना सांभाळणे कठीण असते, असे त्याच्या नावावरचे एक वचन आहे, आणि ते कोणत्याही भाष्याने गोड करून घेता येत नाही. त्याच्या परंपरेने तुला सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेच्या दालनात पाऊलही ठेवू दिले नसते. हे मनात ठेवूनच त्याला वाच. तरीही वाच, कारण राज्यकर्त्याला तोंडावर खरे सांगण्याचे धैर्य त्याच्याकडे होते. लू राज्यातला बलाढ्य सरदार जी कांगझी चोरांनी हैराण होऊन उपाय विचारू लागला, तेव्हा कन्फ्यूशियस त्याला म्हणाला की, तू स्वतः हावरट नसतास, तर बक्षीस देऊनही लोकांनी चोरी केली नसती. आणि मोठ्या पदाची वाट पाहत बसणाऱ्यांतलाही तो नव्हता. मेंशियस सांगतो की, कोठाराचा कारकून असताना कन्फ्यूशियस एवढेच म्हणे की, माझे हिशेब बरोबर असले पाहिजेत; आणि कुरणांवर नेमला गेला तेव्हा म्हणे की, गुरेमेंढ्या धष्टपुष्ट असल्या पाहिजेत. तुझ्या पहिल्या वर्षाला याहून जास्त तत्त्वज्ञान लागेल असे मला वाटत नाही.

काकांच्या प्रकरणाबाबत माझा सल्ला असा आहे. अर्जदार तुझे सख्खे काका आहेत असे स्पष्ट लिहून, हे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करावे अशी लेखी विनंती वरिष्ठांकडे कर, आणि पुढे ते कोणाकडे गेले आहे याची चौकशीही करू नकोस. मग रविवारी गावी जा. हे फोनवर सांगायचे नाही. आईवडिलांची चूक सौम्यपणे दाखवावी, त्यांनी ऐकले नाही तरी आदर ढळू देऊ नये, श्रम पडले तरी कुरकुर करू नये, असे 'लुन यू'मध्ये आहे, आणि त्यातला सौम्यपणा समोर बसल्याशिवाय साधत नाही. काका रागावतील, कदाचित दिवाळीला बोलावणारही नाहीत. तू मात्र जात राहा. त्यांचे गुडघे दुखतात असे तू मागे लिहिले होतेस. त्यांना दवाखान्यात न्यायला पद लागत नाही.

आणखी एक गोष्ट. मेंढीच्या कथेत मेंढीच्या मालकाबद्दल कोणीच काही विचारत नाही, ना तो अधिपती, ना कन्फ्यूशियस. वास्तविक तबेला जळाला तेव्हा "कोणाला इजा झाली का?" एवढेच विचारून घोड्यांची चौकशी न करणारा हा माणूस, पण येथे तोही गप्प राहिला. तुझ्या प्रकरणात हरकत घेणारा जो कोणी आहे, तो पुढच्या तारखेला रोजगार बुडवून, एसटीने तालुक्याला येईल. प्रकरण वर्ग झाले की त्याला त्याच दिवशी कळवण्याची व्यवस्था कर, म्हणजे त्याचा हेलपाटा वाचेल.

कळावे.
तुझे सर