नोकरी सोडून मध्यस्थ व्हायचं? आधी आठ महिने थांबा

प्रश्न: राहते ठाण्यात, ऐरोलीतल्या कंपनीत एचआरमध्ये आहे. वय 44, बेसिक 45 हजार, नोकरीला 4 वर्षं 4 महिने झाले. 9 लाखांची एफडी मोडून 2 लाख 80 हजारांचा मध्यस्थीचा, म्हणजे दोन पक्षांतला वाद समजुतीने मिटवून द्यायचा, कोर्स करावा, नौपाड्यात महिना 18 हजारांनी ऑफिस घ्यावं आणि राजीनामा द्यावा असं मनात आहे. मिस्टरांचा पगार 60 हजार. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च 1 लाख 5 हजार.

ताई, क्षेत्र चांगलं निवडलंत. वकिलीची पदवी नाही म्हणून कचरू नका. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात दोन्ही पक्षांनी आपसात ठरवून मध्यस्थ निवडायची तरतूद आहे. राजीनामा मात्र आत्ता नको.

हिशेब बघा. कोर्स आणि वर्षाचं भाडं मिळून 4 लाख 96 हजार गेले. तुमचा पगार थांबला की घरखर्च आणि मिस्टरांचा पगार यांत महिन्याला 45 हजारांची तूट, ती उरलेल्या 4 लाखांतून भरायची, म्हणजे जेमतेम नऊ महिने. आता कमाई. व्यापारी वादात कोर्टात दावा लावण्याआधी जी मध्यस्थी होते, तिच्यात 3 ते 10 लाखांच्या वादाला दोन्ही पक्षांची मिळून फी 15 हजार आहे. ती सगळी तुम्हालाच मिळाली असं धरलं, तरी नुसती तूट भरायला महिन्याला तीन प्रकरणं लागतील. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रांवर बहुतांशी वकील आणि निवृत्त न्यायाधीश असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तेवढी प्रकरणं तुमच्याकडे येतील असं मला वाटत नाही. इथे काम येतं ते ओळखीतून आणि भरवशातून. भरवसा जमायला वेळ लागतो, म्हणून पैसे वेळेसाठी राखून ठेवा.

कोर्सवाल्यांना आधी विचारा, यातून मध्यस्थ म्हणून नेमकी कुठे नोंदणी होते? सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचं मूळ प्रशिक्षण 40 तासांचं आहे. तेवढ्या तासांचं एखादं चांगलं प्रशिक्षण सुट्टीच्या दिवशी, पगारातून करा. ऑफिसचा विचारच सोडा. बैठकीपुरती खोली तासावर मिळते.

तुमच्या अनुभवाला आजच मोल मिळेल अशी एक जागा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीला लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी लागते, आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य लागतोच. त्याला मानधन असतं. महापे, ऐरोली पट्ट्यात अशा कंपन्या भरपूर आहेत. आपल्या कंपनीची लेखी परवानगी घेऊन इतर ठिकाणी हे काम धरा. पुढे तुमच्याकडे वाद पाठवतील ती माणसं इथेच भेटतील.

आठ महिन्यांनी पाच वर्षं पूर्ण होतात. तेव्हा ग्रॅच्युइटी जवळजवळ 1 लाख 30 हजार मिळेल. आज सोडलंत तर शून्य. बाहेरच्या कामातून सलग सहा महिने दरमहा 25 हजार यायला लागले, की राजीनाम्याचा विचार करू. त्याआधी कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा काढाच. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर संपतं, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. हे काम याच महिन्यात उरका.