धरण पाडलं की सॅमन-ट्राउट मासे नदीत खरंच परत येतात का?

येतात, पण सगळे सारख्या वेगाने नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली एल्व्हा नदी घ्या. १९१३ आणि १९२७ साली पुऱ्या झालेल्या दोन धरणांत माशांना वर चढायला वाटच ठेवली नव्हती. समुद्रातून येणाऱ्या सॅमनला अंडी घालायला मुखाकडचे जेमतेम आठ किलोमीटर उरले. २०११ ते २०१४ दरम्यान दोन्ही पाडली. आधी नुसता गाळाचा लोंढा. मग गंमत: वर अडकलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशात समुद्राची ओढ शिल्लक होती, आणि उन्हाळी स्टीलहेड (तोच मासा, समुद्र पाहून आलेला) पुन्हा दिसू लागले! चिनूक सॅमन मात्र रेंगाळलाय. २०२३ साली तिथल्या क्लॅलम आदिवासींनी परत कोहो सॅमन धरला.