अकरा वर्षे टँकर, सदतीस गुण

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: ‘माझे वय ४१, शिक्षण दहावी. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील डेपोतून मी अकरा वर्षे पेट्रोल-डिझेलचे टँकर चालवले. बहिणीने फार पूर्वी केलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून दीड वर्षापूर्वी सहकुटुंब इकडे आलो. सध्या एका दुकानात मालाची मांडामांड करतो. ट्रकचा व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल काढावा म्हणून भाच्याने दिलेला तीनशे प्रश्नांचा संच पाठ केला आणि लेखी परीक्षा दिली. पन्नासपैकी सदतीस आले, चाळीस हवे होते. अकरा वर्षे एकही अपघात न करणाऱ्या माणसाला गाडीच्याच परीक्षेत नापास व्हावे लागले, याची लाज वाटते. एकूण परीक्षा किती आणि तयारी कशी करावी? टँकरचा अनुभव आहे, तर धोकादायक मालाची परीक्षा आत्ताच द्यावी का?’

सप्रेम नमस्कार.

लाज वाटण्याचे कारण नाही. पाठ केलेल्या प्रश्नांतून सदतीस गुण येणे ही तशी बरी गोष्ट आहे, कारण त्या सदतिसांत तुमच्या अकरा वर्षांचा वाटा फारसा नसावा. तो तुम्ही अद्याप वापरलेलाच नाही. उरलेले तीन गुण आणखी तीनशे प्रश्न पाठ केल्याने मिळतीलही, पण त्या वाटेने मिळवू नयेत असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी परीक्षांची संख्या. तुम्हाला मोठा ट्रेलर ओढायचा असेल, तर ‘क्लास ए’ परवाना लागतो आणि त्यासाठी तीन लेखी परीक्षा होतात. सामान्य ज्ञानाचे ५० प्रश्न, एअर ब्रेकचे २५ आणि जोडवाहनाचे, म्हणजे ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्या जोडीचे २० प्रश्न. तिन्हींत ८० टक्के बरोबर यावे लागतात, म्हणजे अनुक्रमे ४०, २० आणि १६. एअर ब्रेकची परीक्षा टाळली, तर परवान्यावर तशी मर्यादा नोंदली जाते आणि हवेच्या ब्रेकची गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ती सोडण्याचा विचारही करू नका. हे सारे प्रश्न राज्याच्या मोटार वाहन आयोगाच्या पुस्तिकेतून येतात आणि ती पुस्तिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सामान्य ज्ञानासाठी तिचे पहिले तीन विभाग, एअर ब्रेकसाठी पाचवा आणि जोडवाहनासाठी सहावा विभाग वाचायचा. तुमच्या पत्रात तीनशे प्रश्नांचा उल्लेख आहे, या पुस्तिकेचा एकदाही नाही.

आता मुख्य मुद्दा. ही परीक्षा तुमच्या हातांना ठाऊक असलेल्या गोष्टी इंग्रजीत विचारते. त्यांतल्या बहुतेक तुम्हाला येतात. काही मात्र तुम्हाला चुकीच्या येतात आणि तिथेच अनुभवी माणूस नवशिक्यापेक्षा जास्त फसतो. घाटाचेच उदाहरण घ्या. राहुड घाटातून भरलेला टँकर उतरवताना तुमच्या उस्तादांनी सांगितले असेल की ज्या गेअरात घाट चढलास त्याच गेअरात उतर. पुस्तिका या नियमाचा उल्लेख करते आणि तो जुन्या गाड्यांचा नियम होता असे सांगून बाजूला ठेवते. आजच्या ट्रकांचे घर्षण कमी असते व इंजिने जोरदार असतात, त्यामुळे चढताना वापरलेल्या गेअरपेक्षा खालचा गेअर उतरताना लागू शकतो, असे तिचे म्हणणे आहे. शिवाय तो गेअर उतार सुरू होण्याआधीच टाकलेला असला पाहिजे. वेग वाढल्यावर गेअर खाली घेऊ पाहाल, तर तो पडणार नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहील. पुढचा प्रश्न ब्रेकचा असतो. सुरक्षित वेग ताशी ४० मैल असेल, तर वेग ४० वर पोचेपर्यंत पाय ठेवायचा नाही. मग ३५ पर्यंत खाली येईल इतका दाबायचा, सोडायचा, आणि वेग पुन्हा ४० झाला की तेच करायचे. सतत पाय ठेवून ब्रेक तापल्यावर लायनरचा जो वास येतो तो तुम्ही घेतलेला आहे. म्हणून हे दोन आकडे तुम्हाला पाठ करावे लागणार नाहीत, फक्त त्या वासाशी जोडावे लागतील.

दुसरे उदाहरण बंद पडलेल्या गाडीचे. आपल्याकडे मागे झाडाची फांदी टाकतात आणि चाकाला दगड लावतात. निघताना ते दगड तसेच रस्त्यात राहतात, हा भाग वेगळा. इथे थांबल्यापासून दहा मिनिटांच्या आत चमकणारे तीन त्रिकोण मांडायचे असतात. दुभाजक असलेल्या किंवा एकेरी रस्त्यावर ते येणाऱ्या वाहनांच्या दिशेने १०, १०० आणि २०० फुटांवर ठेवायचे. दुभाजक नसलेल्या दोनपदरी रस्त्यावर गाडीपासून दहा फुटांच्या आत एक, मागे १०० फुटांवर एक आणि पुढे १०० फुटांवर एक. परीक्षेत नेमका रस्त्याचा प्रकार बदलून प्रश्न येतो. ज्याने केवळ ‘दहा, शंभर, दोनशे’ घोकले तो चुकतो. समोरून येणाऱ्या गाडीलाही आपला ट्रक दिसायला हवा, हे ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो चुकत नाही.

एअर ब्रेकच्या विभागात तुमची खरी कमाई आहे, फक्त मोजमाप बदलून घ्यावे लागेल. तुमच्या डोक्यात हवेचा दाब किलोत बसलेला आहे आणि इथे तो पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड असा, विचारतात. १०० पीएसआय म्हणजे साधारण सात किलो, एवढे एकदा वहीवर लिहून ठेवा. हवा १२५ च्या आसपास भरली की कॉम्प्रेसर पंप करणे थांबवतो आणि ती १०० च्या आसपास उतरली की पुन्हा सुरू करतो. दाब उतरत उतरत २० ते ४५ च्या दरम्यान आला की स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवेऐवजी स्प्रिंगच्या जोराने लागणारे ब्रेक, आपोआप लागतात. इंजिन बंद करून, ब्रेकवरचा पाय काढून मोजले, तर मिनिटाला एकट्या गाडीची हवा २ पीएसआयपेक्षा आणि जोडवाहनाची ३ पेक्षा जास्त उतरता कामा नये. पाय दाबून धरला असेल, तर हीच मर्यादा अनुक्रमे ३ आणि ४ होते. हे चार आकडे वाचताना एकमेकांत मिसळतात. पण ट्रेलर जोडला की नळ्या आणि सांधे वाढतात, म्हणून गळतीची मुभा थोडी जास्त, आणि पाय दाबला की हवा आणखी पुढे जाते, म्हणून पुन्हा थोडी जास्त, असे समजून घेतले की ते आपापल्या जागी बसतात. हवेला चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद किंवा अधिक लागतो आणि ताशी ५५ मैल वेगाने कोरड्या रस्त्यावर या विलंबामुळे थांबण्याचे अंतर सुमारे ३२ फुटांनी वाढते असे पुस्तिका धरते, हाही नेहमीचा प्रश्न आहे.

जोडवाहनाचा सहावा विभाग तुम्हाला खरोखर नवा असेल, कारण तुमच्या टँकरची टाकी त्याच गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली होती, असे मी पत्रावरून धरून चालतो. त्याला सर्वांत जास्त दिवस द्या. ट्रेलर जोडल्यावर फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या जोडणीच्या तबकडीच्या, वरच्या आणि खालच्या भागांत फट दिसता कामा नये आणि त्याचे जबडे किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलरखालच्या जोडखिळ्याच्या, डोक्याला नव्हे, तर त्याच्या मधल्या दांड्याला आवळलेले असले पाहिजेत. नुसते वाचून हे लक्षात राहत नाही. ट्रक उभे राहतात अशा एखाद्या जागी जाऊन, चालकाची परवानगी घेऊन, विजेरी मारून एकदा ते डोळ्यांनी पाहा. ट्रेलरला हवा नेणाऱ्या लाल आणि निळ्या नळ्यांपैकी आणीबाणीची कोणती व नेहमीच्या ब्रेकची कोणती, हेही तिथेच विचारून घ्या. लाल आणीबाणीची असते.

आता इंग्रजीविषयी. पाठ केलेले प्रश्नसंच नकोत असे मी म्हणतो, ते याच कारणाने. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार व्यावसायिक चालकाला लोकांशी बोलण्यापुरते, रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यापुरते, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देण्यापुरते आणि नोंदी लिहिण्यापुरते इंग्रजी यायला हवे. नियम जुना आहे, पण २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी न आल्यास चालकाला तिथेच गाडीवरून उतरवले जाते. म्हणजे परीक्षेत कशीबशी निभावलेली भाषा महामार्गावर पुन्हा तपासली जाणार आहे. तेव्हा पुस्तिका रोज चार-पाच पाने मोठ्याने वाचा. अडलेला शब्द मुलांना विचारा, पण त्याचा अर्थ मराठीत स्वतः लिहा आणि शेजारी गाडीच्या त्या भागाचे चित्र काढा. ‘यांपैकी कोणते खरे नाही’ अशा नकारार्थी प्रश्नांत इंग्रजी बेताचे असणारे लोक हमखास घसरतात. तुमच्या तेरा चुकांतल्या काही तिथल्या असणार, असा माझा कयास आहे. असा प्रश्न दिसला की ‘नाही’ या शब्दावर बोट ठेवून तो पुन्हा वाचायचा आणि मगच पर्यायांकडे वळायचे. प्रश्नसंच वापरायचाच असेल, तर एखादा विभाग दोनदा वाचून झाल्यावर केवळ स्वतःला तपासण्यासाठी वापरा. चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर संचात न पाहता पुस्तिकेत शोधा.

धोकादायक मालाची परीक्षा आत्ता देऊ नका. तुमच्या टँकरवर माल ओळखण्यासाठी १२०३ क्रमांकाची जी पाटी असे तोच क्रमांक इथेही पेट्रोलचा आहे, त्यामुळे पुढे हे काम तुम्हाला जमेल आणि त्याला पगारही बरा असतो. पण त्या ३० प्रश्नांच्या परीक्षेआधी नोंदणीकृत संस्थेतले वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, परवानगी मिळण्यासाठी बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी करावी लागते आणि शिकाऊ परवान्यावर ती परवानगी मिळतच नाही. टँकरची २० प्रश्नांची परीक्षा मात्र क्लास ए हातात येताच देऊन टाका. अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारल्यावर कशी ढकलते, हे तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तीन लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो तो शिकाऊ परवाना. तो मिळाल्यापासून किमान १४ दिवस गेल्याशिवाय प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही आणि या काळात सीडीएलधारक शेजारी बसलेला असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. शिवाय ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकाला केंद्र सरकारच्या यादीतील संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. भारतातला अनुभव त्यात धरला जात नाही. हे अन्यायाचे वाटेल, पण त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. संस्थेचे नाव त्या सरकारी यादीत स्वतः शोधून पाहा आणि पैसे भरण्याआधी करारातली परताव्याची अट वाचा. ‘फी आम्ही भरतो, वर्षभर आमच्याकडेच चालवा’ अशा करारात वर्षाच्या मध्येच काम सोडल्यास किती पैसे परत द्यावे लागतात, हे सहीपूर्वी विचारा. स्वयंचलित गेअरच्या गाडीवर चाचणी देऊ नका. दिली तर हाताने गेअर टाकण्याच्या गाड्या तुम्हाला बंद होतील आणि ज्याने जन्मभर गेअर टाकले त्याने हे नुकसान का सोसावे?

काम-परवान्यावर आलेल्यांसाठी व्यावसायिक परवान्याचे नियम २०२५ पासून बदलत आहेत आणि त्यावरून बरीच घबराट आहे. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असल्याने तो प्रश्न तुमचा नाही. दुसऱ्यांदा परीक्षेला बसण्याआधी मान्यताप्राप्त तपासनिसाकडून वैद्यकीय तपासणी मात्र करून घ्या. एका डोळ्याची दृष्टी किंवा रक्तदाब आड आला, तर ते फी भरण्याआधी कळलेले बरे.

माझा अंदाज असा की रोज दीड तास दिलात, तर सहा आठवडे पुरतील. त्यांतले तीन सहाव्या विभागाला द्या. शिकाऊ परवाना मिळाल्यावर चौदा दिवस रिकामे जाऊ देऊ नका. प्रत्यक्ष चाचणीची सुरुवात गाडीच्या तपासणीने होते आणि त्या वेळी प्रत्येक भागाला हात लावून त्याचे नाव व त्यात काय पाहिले हे इंग्रजीत बोलून दाखवायचे असते. बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत एक फेरी रोज घरीच बोलून पाहा. सुरुवातीला ट्रक नसला तरी चालेल, जेवणाच्या टेबलाभोवती फिरलात तरी पुरे.