नागपूर ते पुणे विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

नागपूर आणि पुणे या विमानतळांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे आणि तिकिटावर प्रवासाचा वेळ साधारणतः दीड तासाच्या आसपास दाखवलेला असतो. नकाशावर सातशेच्या पुढचा आकडा दिसतो, मग खरे अंतर कोणते, असे आपण विचारले आहे. तो आकडा रस्त्याचा आहे, आणि समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत येऊन पुढे अहिल्यानगरमार्गे गेलात तरी तो सातशेच्या आत येत नाही.

६०५ चा हिशेब घरबसल्या पडताळता येतो. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ आणि ७३.९२ वर. अक्षांशांमधल्या अडीच अंशांचे, अंशाला १११ किलोमीटर धरून, सुमारे २७९ किलोमीटर होतात. रेखांशांत ५.१३ अंशांचा फरक आहे, पण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश १०४.७ किलोमीटरच भरतो, म्हणून त्याचे सुमारे ५३७ किलोमीटर येतात. या दोन बाजूंचा कर्ण काढला की झाले.

आता वेळेचे. जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाते, तेव्हा पाऊण तासात पोहोचायला हवे, असे वाटणे साहजिक आहे. पण एवढ्या छोट्या टप्प्यात बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष हवेत विमान तासभरच असते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ असून लढाऊ आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याची वेळ कधीकधी येतेच. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून त्या दिवसांत पुण्याहून नागपूरला जाताना उड्डाण थोडे लवकर आटोपते आणि येताना तेवढेच रेंगाळते.

जाता जाता एक सांगतो : नागपूरहून निघताना शक्य असल्यास उजवीकडची खिडकी घ्यावी. सरळ रेषा लोणारच्या दक्षिणेकडून बारा-तेरा किलोमीटरवरून जाते, त्यामुळे हवा निवळ असली आणि विमान त्या रेषेच्या जवळपास राहिले, तर निम्मी वाट सरल्यावर ते गोल सरोवर ओळखू येते. पुढे त्याच बाजूला जायकवाडीचा जलाशय लागतो.

घरापासून घरापर्यंत मात्र पाच तास धरावेत, कारण विमानतळ गाठणे, तपासणी आणि सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणे यांतच उड्डाणाच्या दुप्पट वेळ जातो. तरीही रात्रभराच्या ट्रॅव्हल्सपेक्षा हे माझ्या मते परवडते, फक्त दिवाळीच्या आठवड्यातले भाडे सोडून. लोहगावहून पुढे साताऱ्या-कोल्हापूरकडची एसटी धरायची असेल, तर विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान दोन तासांनी सुटणारी गाडीच आरक्षित करावी.