कॅथलिक शाळेत शिकत असताना आपली श्रद्धा रोजच्या दिवसात कशी जगावी?

तुझा प्रश्न मला असा समजला: तुम्ही श्रीरामपूरकडून नाशिकला आलात, तुला नववीत सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला आणि आता धर्मशिक्षणाची चिंता मिटली असे घरच्यांना वाटले. प्रत्यक्षात वर्गात तुझ्यासह तीनच कॅथलिक मुली आहेत, परिपाठातील प्रार्थना कोणत्याही धर्माची वाटावी अशी आहे, मैत्रिणी प्रसादापासून पूर्वजांपर्यंत नाना गोष्टी विचारतात आणि मधल्या सुट्टीत चॅपेलमध्ये जायची तुला लाज वाटते. तू नववीत आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. मीही नाशिकमध्ये सिस्टरांच्याच शाळेत शिकले आणि आता आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या स्थानिक विभागात) रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात.

परिपाठाबद्दलची तुझी तक्रार मला समजते, पण ती शाळेवर अन्याय करणारी आहे. नाशिकच्या कॅथलिक शाळांमधील बहुसंख्य मुले हिंदू घरांतली असतात, त्यांच्या जोडीला मुस्लिम, जैन, बौद्ध मुले असतात आणि आपण थोडे असतो. संविधानाच्या अनुच्छेद ३० मुळे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क मिळाला आहे. पण अनुच्छेद २८(३) असेही सांगतो की शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणूनच तुमच्याकडे धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलींना वेगळ्या खोलीत नेतात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण शिकवतात. केवळ कायद्याच्या धाकाने हे चालते असेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्यांचे आईवडील आहेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि कॅथलिक शाळेचे वैशिष्ट्य म्हणून शुभवर्तमानातील स्वातंत्र्य आणि प्रेम यांनी भारलेल्या वातावरणाचा उल्लेख केला आहे. थोडक्यात, घर आणि धर्मग्राम यांचे काम शाळेवर सोपवून मोकळे होता येईल, ही कल्पना मुळात चर्चचीच नाही. तुझ्या आईवडिलांनाही हे सांग, अर्थात जेवणाच्या वेळी आणि हळू आवाजात.

मग शाळेने काय दिले? चॅपेल दिले, सिस्टर दिल्या आणि आपल्यापेक्षा वेगळ्या श्रद्धेच्या पन्नास-साठ मैत्रिणी दिल्या. माझ्या मते तिसरी देणगी सर्वांत मोठी आहे, पण तिच्याकडे नंतर येते.

चॅपेलपासून सुरुवात करू. मधल्या सुट्टीत तिथे दहा मिनिटे गुडघे टेकून बसायला हवे असे काही नाही. आत जावे, पवित्र साक्रामेंतापुढे (तिथे ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे) क्रुसाची खूण करावी, ‘नमो मरिये’ ही मरियामातेची प्रार्थना एकदा म्हणावी आणि डबा खायला परत यावे. एवढ्याला दोन मिनिटे लागतात आणि कोणाचे लक्षही जात नाही. कोणाचे गेलेच, तर ‘प्रार्थनेला गेले होते’ इतके उत्तर पुरते. नाशिकमध्ये पेपरला जाताना वाटेतल्या मारुतीला हात जोडणाऱ्या मुली काही कमी नाहीत, त्यामुळे प्रार्थनेला जाणाऱ्या मुलीचे आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. लाज बहुधा आपल्याच मनात असते. दुपारी बाराला वर्ग चालू असेल, तर देवदूताची प्रार्थना मनातल्या मनात म्हणता येते. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण करता येते: आजच्या दिवसाबद्दल आभार मानायचे, स्वतःकडे नीट पाहता यावे म्हणून पवित्र आत्म्याचा प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस आठवायचा, चुकले असेल त्याची क्षमा मागायची आणि उद्या काय बदलायचे ते ठरवायचे. नाशिक रोडहून कॉलेज रोडपर्यंतच्या प्रवासात हे सगळे सावकाश होते आणि त्यासाठी मोबाइल खिशात ठेवण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

रविवारच्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा, प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो लवकरच येईल, कारण नाशिकमधील शिकवणीवर्गांना रविवार सकाळ चाचणी परीक्षांसाठी फार आवडते. चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे धर्मसंहितेच्या, १२४८ व्या कलमानुसार आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, संध्याकाळच्या मिस्साला गेल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. तुमच्या धर्मग्रामात शनिवारी संध्याकाळी मिस्सा असते का ते विचारून ठेव. नसल्यास रविवारी संध्याकाळची मिस्सा शेजारच्या धर्मग्रामात मिळते का ते पाहा. ‘दहावीचे वर्ष आहे, देव समजून घेईल’ हे वाक्य मी पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता मी त्यावर वाद घालत नाही, फक्त मिस्साच्या वेळा लिहून हातात देते.

उपवासकाळाबद्दल, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांबद्दल, थोडे नेमके सांगायला हवे, कारण तुमच्या वयाच्या मुली यात एक तर काहीच करत नाहीत किंवा अति करतात. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम चौदावे वर्ष पूर्ण झालेल्यांना लागू होतो, तर उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्यांना. म्हणजे राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला तू मांस खायचे नाही, पण उपाशी राहणे तुझ्यावर बंधनकारक नाही. दहावीची परीक्षा बहुतेक वर्षी याच काळात येते, त्यामुळे हे लक्षात ठेव. दोमनिक साव्हियो हा धर्मगुरू डॉन बॉस्को यांचा तुरीन (इटली) येथील विद्यार्थी तुला पुस्तकात भेटलाच असेल. १८५७ मध्ये पंधरावे वर्ष पूर्ण होण्याआधी तो वारला आणि १९५४ मध्ये त्याला संत घोषित करण्यात आले. तपश्चर्या म्हणून तो अंथरुणात दगड आणि लाकडाचे तुकडे ठेवून झोपू लागला, तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्याला ते बंद करायला लावले आणि थंडी, उकाडा, आजारपण, अभ्यास हे जे आपोआप वाट्याला येते तेच देवाला अर्पण करायला सांगितले. एप्रिलच्या उन्हात पंखा बंद पडलेल्या वर्गात कुरकुर न करता बसणे हे आपल्याकडचे त्याच जातीचे तप आहे.

राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साहून कपाळावर राख घेऊन शाळेत गेलीस, तर मुली विचारणारच. पुसू नकोस. माणूस मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे, हे स्वतःला आठवून देण्यासाठी ती लावतात, असे साधे सांग. आपल्या मैत्रिणींना उपवास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या घरी एकादशी असते, चतुर्थी असते, श्रावणी सोमवार असतात. २०२५ साली मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आपला उपवासकाळ आणि रमजानचे रोजे दोन्ही सुरू झाले होते, आणि माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने मला सांगितले की तिची मुस्लिम मैत्रीण पाणीही न पिता कवायतीला उभी राहते हे पाहून तिला स्वतःच्या चॉकलेट सोडण्याचा अभिमान वाटेनासा झाला. मला हे ऐकून बरे वाटले. वेगळ्या श्रद्धेच्या मैत्रिणी ही मोठी देणगी आहे असे मी वर लिहिले, ते याच अर्थाने.

आता प्रसाद. गणेशोत्सवात मैत्रीण मोदक पुढे करते आणि तुला काय करावे ते कळत नाही, असे तू लिहिले आहेस. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवे आणि दहावे प्रकरण घरी शांतपणे वाच, कारण करिंथ शहरातील ख्रिस्ती लोक नेमका हाच प्रश्न घेऊन त्याच्याकडे गेले होते. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही किंवा दूरही जात नाही, असे तो म्हणतो. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, उगाच चौकशी करू नका, असेही म्हणतो. मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकाकरिता खाऊ नका, असा सल्ला देतो. आपले स्वातंत्र्य दुसऱ्याला अडखळण बनू नये, ही त्याची कळकळ आहे. यावरून कॅथलिक घरांमध्ये, आणि फादरांमध्येही, वेगवेगळी मते आढळतात, म्हणून तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना अवश्य विचार. माझे मत असे की मैत्रिणीच्या घरी पाहुणी म्हणून जाणे, आरती चालू असताना आदराने उभे राहणे आणि स्वतः पूजा करणे या गोष्टी एक नाहीत. पहिल्या दोन मी करते, तिसरी करत नाही. प्रसाद घ्यायचा नाही असे ठरवलेस, तर तोंड वाकडे न करता ‘आमच्याकडे घेत नाहीत, पण तुझ्या आईच्या हातच्या करंज्या नक्की दे’ असे म्हणता येते. शिक्षणाविषयीचे घोषणापत्र निघाले त्याच दिवशी परिषदेने इतर धर्मांविषयीचेही एक घोषणापत्र काढले होते, आणि त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही चर्च नाकारत नाही, असे त्यात लिहिले आहे. नाक मुरडून दिलेला नकार या शिकवणीत कुठेच बसत नाही.

पूर्वजांवरून मारले जाणारे टोमणे जास्त बोचतात. ‘तुम्ही तांदळासाठी बाटलात’ हे वाक्य शाळेच्या पोरी स्वतःच्या डोक्याने म्हणत नाहीत, कुठून तरी ऐकून म्हणतात. तुझ्या घराण्याचा इतिहास तुला माहीत असला, तर हे वाक्य झेपते. अहिल्यानगर जिल्ह्यात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काम केले, आणि त्या वेळी ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते अशा कितीतरी कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. कोणाला अन्नाची मदत झाली असेल, कोणाला शाळेची, कोणाला माणूस म्हणून हाक मारली गेल्याची. यातले काहीही लपवण्यासारखे नाही, आणि आता चार-पाच पिढ्यांनंतर हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला पायी जाणाऱ्या तुझ्या आजीला तांदळासाठी आलीस का असे विचारण्यात काही अर्थ नाही. आजीला बसवून हे सगळे विचार. मैत्रिणीला रागाने उत्तर देण्यापेक्षा ‘माझ्या आजीची गोष्ट ऐकशील का’ असे विचारणे मला अधिक परिणामकारक वाटते. टोमणे थांबले नाहीत, रोजचा छळ होऊ लागला, तर मात्र सहन करत बसू नकोस. वर्गशिक्षिकांना आणि आईवडिलांना लगेच सांग.

इथपर्यंतचे सगळे तसे सोपे आहे. श्रद्धा खरोखर जगायची असेल, तर चॅपेलपेक्षा वर्गातले बाक महत्त्वाचे आहेत. तुमच्या शाळेत बोर्डिंगच्या मुली असतील, तर त्यांतल्या काही पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या असण्याची शक्यता आहे. अशा मुलींच्या इंग्रजीला आणि बोलण्याच्या हेलाला वर्ग हसतो. आणि सांगायला वाईट वाटते, पण हसणाऱ्यांत रविवारी वाचन करणाऱ्या, गायकवृंदात गाणाऱ्या आपल्या मुलीही असतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी जे विचारले जाते, त्यात प्रार्थना किती केल्या हा प्रश्न नाही; भुकेल्याला खायला दिले का, परक्याला घरात घेतले का, असे प्रश्न आहेत. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या बोर्डिंगच्या मुलींपैकी एकीच्या शेजारी जाऊन बस. गणित तुला जमत असेल, तर तिला शिकव. परीक्षेत कॉपी पुढे सरकवली जाते तेव्हा ती न घेणे, आणि त्याबद्दल कोणाला प्रवचनही न देणे, हे मला सलग नऊ महिने पहिल्या शुक्रवारी मिस्साला जाण्याच्या भक्तीइतकेच अवघड वाटते. शाळेच्या मावशींना नावाने हाक मार.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्यापासून लोक येतात, त्यांत इतर धर्मांचेही पुष्कळ असतात. पहिल्या वर्षी नुसती दर्शनाला जा, पुढच्या वर्षी तुमच्या धर्मग्रामातर्फे स्वयंसेवक म्हणून नाव दे. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी देण्याचे काम तुझ्या वयाच्या मुलींना छान जमते. दहावीच्या गुणांसाठी नवस बोलायचा मोह होईल. बोल, पण त्याआधी अभ्यास कर, कारण बाळ येशू तुझ्याऐवजी पेपर लिहिणार नाही.

वर्गातल्या उरलेल्या दोघींबद्दल तू फारसे लिहिले नाहीस. त्यांच्याशी बोल. तिघी मिळून सिस्टरांकडे जा आणि ऑक्टोबर महिन्यात आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत चॅपेलमध्ये जपमाळेचे एक दशक (दहा ‘नमो मरिये’) म्हणायची परवानगी मागा. शाळेतल्या खालच्या वर्गांतील कॅथलिक मुलीही हळूहळू येतील, आणि ज्या इतर मुलींना आपणहून बसावेसे वाटेल त्यांना अडवू नका, तसेच कोणाला ओढूनही आणू नका. तुझे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार, अजून झाले नसेल, तर त्याची तयारी नववी-दहावीच्या सुमारासच सुरू होते. शिकवणीच्या वेळापत्रकावर पैसे भरण्याआधी धर्मग्रामाच्या कार्यालयात त्या तासांचे दिवस विचारून घे, कारण बुडालेले तास शेवटच्या महिन्यात भरून काढणे आमच्याकडे तरी कोणाला जमलेले नाही.